एअरबॅगचा दिवा आणि आईचं पाणी

मला राग लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नवल करायला नको. कळमेश्वरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि पोरं पिरियडच्या आधी एकमेकांना विचारतात, आज मॅडमचं तापमान किती. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिचा राग हिच्या अगोदर घरात येते. मग ही येते, चप्पल काढते, अन् त्याले म्हणते, बस."

तर गेल्या उन्हाळ्यात या रागाला नवीन खाद्य मिळालं. माझ्या गाडीत एक दिवा लागला.

गाडी सुरू केली की समोरचे सगळेच दिवे क्षणभर लागतात आणि एकेक करून विझतात. एके दिवशी त्यातला एक विझलाच नाही. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे गोल फुगा, असं ते चित्र. एअरबॅगचा दिवा. गाडीसोबत मिळालेलं जाडजूड पुस्तक मी पहिल्यांदाच उघडलं. त्यात लिहिलं होतं की हा दिवा लागलेलाच राहिला तर टक्कर झाल्यावर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही, गाडी ताबडतोब दाखवून घ्या.

एकटी असते तर मी ते पुस्तक मिटवून दिवाळीपर्यंत तशीच गाडी चालवली असती. पण शेजारच्या सीटवर आई बसायची. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही किडन्या गेलेल्या, दिवसाआड तिला नागपूरला धंतोलीत डायलिसिसला न्यायचं. मागच्या सीटवर तिला मळमळायचं. पुढची सीट जरा कलती केली की ती डोळे मिटून पडून राहायची. आमच्या रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक असे जातात, जसा काही रस्ता त्यांना सासऱ्यानं आंदण दिला आहे. एखादा अंगावर आला तर आईच्या पुढ्यात तो फुगा उघडला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

अर्थात खरी धास्ती एअरबॅगची नव्हती. खरी धास्ती पाण्याची होती.

शिवरात्रीच्या सुमारास एका दुपारी आईला श्वास घेता येईना. आडवी झाली की जीव कोंडायचा, उठून बसली की थोडा यायचा. तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. कसंबसं नागपूर गाठलं, चार-पाच दिवस आयसीयूत काढले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, त्यामुळे जेवढं पोटात जातं तेवढं अंगातच साठतं, पुढच्या मशीनपर्यंत. तिच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. "या वेळी निभावलं," ते म्हणाले, "असं पुन्हा झालं तर हृदयाला झेपेल असं मला वाटत नाही."

मग हिशेब ठरला. दिवसभरात एक लहान तांब्या, बस. चहा, औषधाबरोबरचा घोट, वरणातलं पाणी, सगळं त्यातच.

मी घरी आले आणि पहिलं काम केलं ते हे, की स्वयंपाकघरातला माठ उचलून शेजारणीला देऊन टाकला. पाण्यात वाळ्याची जुडी टाकलेला माठ हे आईच्या उन्हाळ्याचं दैवत. मी बाजारातून खुणा असलेलं मोजपात्र आणलं, सकाळी त्यात दिवसाचं पाणी काढून फ्रिजमध्ये ठेवायला लागले आणि दर तासाला तिला चमच्यानं द्यायला लागले. आई जीभ बाहेर काढून चमचा घ्यायची आणि म्हणायची, "ही मले पोट्ट्यांच्या प्रयोगातली बेडकी समजून राहिली." मी हसायची. ती पण हसायची. मला वाटायचं, जमलं.

आता नागपूरकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला तहान काय ते सांगायला नको. दारातून अंगणात जाऊन आलं तरी घसा कोरडा पडतो. घरोघरी पाहुण्याला आधी पाणी, मग या-बसा. रस्त्यात कोणी अनोळखी माणसानं पाणी मागितलं तर आपलं काम सोडून बाई उठते. अशा मुलखात मी माझ्या आईला चमच्यानं पाणी देत होते, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पण वजन ऐकेना. सेंटरमध्ये मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात. मागच्या खेपेपासून किती वाढलं, ते म्हणजे अंगात किती पाणी साठलं. दर खेपेला काटा जायला नको तिथे जायचा. नर्स माझ्याकडे बघायची, मी आईकडे, आणि आई भिंतीवरच्या घड्याळाकडे. डॉक्टरांनी मला दोनदा बाजूला घेतलं. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज चांगलाच कडक होता. म्हणाले, "मॅडम, घरी लक्ष ठेवा. मी तुम्हाला घाबरवत नाही, पण त्या पुन्हा त्याच मार्गानं चालल्या आहेत."

घरी लक्ष ठेवा म्हणे. मी आणखी किती ठेवणार होते? मी आंबील बंद केली. टरबुजाची फोड बंद केली. वरण इतकं घट्ट करायला लागले की आई म्हणाली, याच्यानं भिंत लिंपता येईन. शेजारणीला जाऊन विचारलं, तुम्ही तर देत नाही ना हिला काही? ती बिचारी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. भांडी घासायला येणाऱ्या बाईला मी दम दिला. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, आणि धोपटताना मला जराही लाज वाटत नव्हती, कारण रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर ते निळे ओठ होते.

त्यात हा दिवा.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी गाडीला एक यंत्र जोडलं आणि सांगितलं, पुढच्या डाव्या सीटच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स वाढला आहे. मी विचारलं, का वाढला? तर त्या टाय लावलेल्या मुलानं मला रेझिस्टन्स म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाबा, ते मी बारावीला शिकवते, तू कारण सांग. त्यानं कारण सांगितलं नाही, यंत्रातून बिघाडाचा कोड पुसला आणि दिवा विझवून दिला. पुढच्याच खेपेला धंतोलीहून परतताना फेटरीपाशी दिवा पुन्हा हजर. पुन्हा गेले. आता म्हणाले, मॅडम, तुम्ही बाहेरून सीट कव्हर लावलं आहे, त्यानं होतं. मी तिथेच उभी राहून ते कव्हर टराटरा ओढून काढलं. दिवा पुन्हा लागला. तिसऱ्यांदा गेले तर म्हणाले, आता पूर्ण युनिटच बदलावं लागेल. मी म्हटलं, तुम्हाला ताप कशानं आला ते कळत नाही आणि तुम्ही मुंडकंच बदलायला निघालात. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. गाडी घेऊन निघून आले.

एक गोष्ट मात्र मी हेरली होती. दिवा नेहमी परतीच्या वाटेवर लागायचा. सकाळी जाताना कधी नाही. मधल्या दिवशी मी कॉलेजला गाडी न्यायची तेव्हा तो पुष्कळदा विझलेला असायचा. मी ते उन्हावर ढकललं. या दिवसात काही बिघडलं की आमच्याकडे सगळं उन्हावरच ढकलतात.

आईला दिव्याचं काही पडलं नव्हतं. "लागू दे नं," ती डोळे मिटूनच म्हणायची. "देवापाशी लावतेच नं आपण."

"हा देवाचा नाही आई. हा लागला म्हणजे फुगा फुगणार नाही."

"तो फुगून काय करते? मी अंदरूनच फुगून राहिली."

अशी माझी आई. मी गाडी चालवता चालवता हसायची आणि मग मला हसल्याचा राग यायचा.

कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, गिट्टीखदानला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बोलतो फार, पण त्याला दाखवा. एका खेपेला आईला मशीनवर सोडलं आणि त्या मोकळ्या वेळात गाडी घेऊन तिकडे गेले. दुकान म्हणजे टिनाचं शेड. पुढे कडुलिंब, त्याच्या फांदीला ओल्या गोणपाटात शिवलेली पाण्याची बाटली टांगलेली. माणूस जाडजूड, कपाळाला अष्टगंध. माझं ऐकून घ्यायच्या आधीच त्यानं निकाल दिला.

"उंदीर."

मी म्हटलं, "अहो, सीटखाली बिघाड आहे."

"तिथंच तं बसते तो. मॅडम, नागपुरात गाड्या कमी अन् उंदीर जास्त आहेत. आजकाल वायरीच्या कव्हरमधी सोयाबीन टाकते म्हणे कंपनीवाले. आपलं सगळं सोयाबीन उंदीरच खाऊन राहिले, अन् आपण म्हणतो पीक गेलं कुठं."

त्याचं हे पुराण चालू असताना त्यानं बॅटरीची वायर काढली आणि चहा मागवला. मी घड्याळ पाहायला लागले, तर म्हणाला, "घाई नका करू. एअरबॅगचा प्लग पिवळा असते. पिवळा दिसला का समजायचं बारूद आहे. बॅटरी काढून, जरा थांबूनच हात लावायचा, नाहीतं इथंच ढुम्म." उंदरांच्या आणखी दोन गोष्टी झाल्या. मग त्यानं आईची सीट पूर्ण मागे सरकवली, टॉर्च दातात धरली आणि खाली वाकला.

थोड्या वेळानं खालूनच त्याचा हात बाहेर आला. "धरा मॅडम, तुमचं पाणी अंदर राहिलं होतं."

मी धरलं. प्लास्टिकची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. तिच्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. हिरव्या काठाचं फडकं. आईच्या जुन्या लुगड्याचा तो काठ मी कुठेही ओळखला असता. बाटली हाताला थंडगार लागत होती. आत तळाशी वाळ्याच्या मुळांचे दोन-चार तंतू फिरत होते. आणि वास. तो वास गाडीत महिनाभर येत होता. मला तो आलाही होता, पण मे महिन्यात प्रत्येक कूलरमधून, प्रत्येक दारातून वाळ्याचाच वास येतो, त्याच्याकडे लक्ष कोण देतं?

"पाहा, पाहा," खालून तो सांगत होता, "पिना हिरव्या झाल्या. पाणी टपकून राहिलं इथं बराबर." मग तो उठला, माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "घ्या. हेच. ओलं फडकं सीटखाली ठेवता तुम्ही, गाडी हलली का थेंब थेंब प्लगवर. म्हणजे उंदीर नव्हता." त्याला उंदीर न सापडल्याचं खरंच वाईट वाटलं असावं. "मॅडम, बाटली ठेवा, कोण नाही म्हणते? मीही ठेवतो. पण बाहेर टांगा. तुमच्या ड्रायव्हरले सांगून द्या."

"सांगते," मी म्हटलं.

तांब्यावर चढलेला हिरवा थर म्हणजे काय, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. त्यानं पिना घासल्या, फवारा मारला, हवा मारून कोरड्या केल्या, प्लग पुन्हा लावला, बॅटरी जोडली, कोड पुसला. दिवा लागला आणि बाकीच्यांसोबत विझला. महिनाभर ज्याच्यासाठी मी भांडत फिरले, तो विझलेला दिवा मी धड पाहिलासुद्धा नाही. माझ्या मांडीवर ती बाटली होती.

परत येताना डोकं नुसतं भणाणत होतं. हिला मी चमच्यानं पाणी देते, शेजारणीशी वैर घेते, कामवालीला बोलते, आणि ही माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून! सकाळी निघताना तुळशीला पाणी मीच घालीन हा हट्ट कशासाठी होता ते आता कळलं. अंगणातला नळ. बाटली पदराखाली. सीटवर बसताना मी तिची औषधांची पिशवी मागे ठेवत असे, तेवढ्यात ती सीटखाली. सेंटरचं पार्किंग तळघरात, गार, अंधारं. तिथे ते फडकं दुपारपर्यंत ओलं राहणार. आणि मशीनवरून उतरल्यावर मी तिला गाडीत बसवून समोरच्या मेडिकलमध्ये गोळ्या आणायला जायची, तो सगळा वेळ तिचा. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकाहून एक धारदार होती.

नर्सनं तिला व्हीलचेअरवरून खाली आणलं. मी तिला सीटवर बसवलं, पट्टा लावला. मशीननंतर ती नेहमीच पिळून काढलेल्या कपड्यासारखी होऊन येते, त्या दिवशीही तशीच होती. म्हटलं, "गोळ्या घेऊन येते." आणि गेले नाही. खांबाआड उभी राहिले.

तिनं थोडं थांबून इकडे-तिकडे पाहिलं. डाव्या हातावर सुयांच्या जागी पट्टी होती, म्हणून ती अंग वळवून उजवा हात सीटखाली नेत होती. पट्टा आड येत होता. हात खाली गेला, चाचपला. पुढे सरकवला, पुन्हा चाचपला. आधी सावकाश. मग घाईघाईनं. मग तिनं पट्टा काढला, पार वाकली, आणि डोकं डॅशबोर्डला टेकवून दोन्ही हातांनी शोधायला लागली, पट्टीच्या हातानंसुद्धा. एखाद्याचं लेकरू हरवावं तशी शोधत होती.

माझी सगळी धारदार वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बाटली तिच्यासमोर ठेवली.

तिनं बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. "सापडली वाटते," म्हणाली.

"कधीपासून?"

"ऊन लागलं तेव्हापासून."

"सगळी पेत होती?"

"सगळी. उरवून काय करू?"

तेव्हा मात्र मी ओरडले. त्या तळघरात माझा आवाज घुमला आणि पलीकडे कोणीतरी गाडीचं दार लावता लावता थांबलं. "डॉक्टरानं काय सांगितलं होतं? हृदयाले नाही झेपणार. मी घरात पहारा देऊन राहिली, अन् तू इथं चोरून पेऊन राहिली. मरायचं आहे का तुले?"

आईनं पाठ सीटला टेकवली. रागावली नव्हती. दमली होती.

"मरायचं असतं तं दिवसाआड सुया टोचून घ्यायले काहून आली असती? घरीच राहिली असती, माठापाशी."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"मले तहान लागते वं," ती म्हणाली. "तू शिकली-सवरली, तुले सगळं समजते, पण हे नाही समजत. तू चमच्यानं देते. त्यानं जीभ ओली होते, तहान नाही जात. उलटी वाढते. मले एक डाव भांडंभर प्यायचं असते. खाली न ठेवता. थंड. माणसासारखं." मग म्हणाली, "मी जगायसाठी येते इथं. अन् पाणी पेल्यासारखं वाटलं नाही तं जगल्यासारखं नाही वाटत. आता तूच सांग, काय करू."

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या या फडक्यानं एअरबॅग बंद पडली होती. ठोकर झाली असती तं उघडली नसती. त्या दिव्याचं कारण हेच होतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे तो दिवा मी लावला?" आणि तिला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत ती हसली. मला हसू आलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडले. मला तिच्या मरणाची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आणि त्या भीतीनं मी तिची आई होऊन बसले होते, तीही खाष्ट. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडून पाणी वाया नको घालवू. तुझं तरी आहे."

ती बाटली मी तिला दिली नाही. हे पण सांगायला पाहिजे. तिनंही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते आईवर चिडतील. ते म्हणाले, "पुष्कळ जण करतात. काही जण तर तोंड धुवायच्या निमित्तानं पितात." मग म्हणाले, "मला एकूण पाण्याशी मतलब आहे. ते दिवसभरात कसं विभागायचं, ते तुम्ही दोघी ठरवा. आणि मीठ कमी करा, निम्मी तहान तिथेच आहे."

घरी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. मध्ये माझं ते मोजपात्र, पाण्यानं भरलेलं. मी म्हटलं, यातून तुला एक भांडं सलग पाहिजे असेल तर कशात कापायचं ते तू सांग. आईनं विचार केला. सकाळचा चहा काढला. मग दुपारचा काढला. विदर्भातल्या बाईनं दोन्ही वेळचा चहा सोडायचा म्हणजे काय, ते मला माहीत आहे, मी मध्येच म्हटलं, "अवं, एक तं ठेव." तर म्हणाली, "मधात बोलू नको." लोणच्याची बरणी तिनं स्वतः उचलली आणि भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकली. ती बाई माझ्याकडे न बघता बरणी घेऊन गेली. शेवटी मोजपात्रात जे उरलं त्यातून गोळ्यांपुरते घोट बाजूला काढले, आणि बाकीचं आईनं पितळेच्या भांड्यात ओतून पाहिलं. काठोकाठ भरलं नाही. पण भरल्यासारखं दिसावं इतकं भरलं. "होते," ती म्हणाली.

मग मी शेजारणीकडे जाऊन आमचा माठ परत मागितला. तिनं मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, मी ऐकून घेतलं, आणि माठ आणला.

पुढच्या खेपेला वजनाचा काटा थोडा खाली होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडा. नर्सनं आईला विचारलं, काकू, काय केलं तुम्ही? आई म्हणाली, "चहा सोडला बाई," आणि एवढं दुःखी तोंड केलं की नर्सनं तिची समजूत घातली. ती बरी होणार नव्हती, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण फुप्फुसातलं पाणी उतरत होतं आणि ती रात्री आडवी होऊन झोपत होती.

भांड्याचं पाणी कुठे प्यायचं यावर मात्र ती अडून बसली. मी म्हटलं, मशीन झालं की गाडीत बसल्या बसल्या घे. ती म्हणाली, "त्या अंधारात नको. तिथं मी चोरासारखी पेली." घरी पोचेपर्यंत थांबायलाही ती तयार नव्हती. शेवटी फेटरीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला एक मोठं चिंचेचं झाड आहे, तिथे थांबायचं ठरलं. गार पाण्याचा थर्मास मी डिकीत ठेवायला लागले, वाळ्याची जुडी आत टाकून. सीटखाली आता काही नव्हतं, आणि समोरचा दिवा विझलेला होता.

पहिल्या दिवशी तिथे पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी गाडी सावलीत घेतली, तिच्या बाजूचं दार उघडलं, ती पाय बाहेर टाकून बसली. मी भांडं भरून तिच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिले. तिनं भांडं ओठापर्यंत नेलं आणि थांबली.

"अशी पाहू नको वं."

"कशी?"

"मोजल्यासारखी."

मी तोंड फिरवलं. समोर नांगरून ठेवलेलं रिकामं शेत होतं, त्यात दोन बगळे उगीच फिरत होते. मागून तिच्या घशातून घोट उतरत असल्याचा आवाज येत होता, एकामागून एक, मध्ये न थांबता. पहिले दोन-तीन माझ्याकडून मोजले गेले. पुढचे मी सोडून दिले.